भेकर उभं करताना
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत, आणि विषयही दिला आहे: "तू नेमकं करतोस काय, ते एकदा सांगून टाक." आपल्या ग्रुपवर माझी ओळख 'पेंढावाला' अशी आहे. लग्नाकार्यात कुणी भेटलं की हमखास विचारतं, "काय रे, वाघ भरून झाला का?" तेव्हा आज एका भेकराची गोष्ट सांगतो. त्यात माझं काम येईल, आपली शाळा येईल, आणि शेवटी एक विनंती आहे.

आधी पेंढ्याचा खुलासा. आता पेंढा भरत नाहीत. पूर्वी भरायचे. कातडं शिवून आत गवत, काथ्या, भुसा ठासायचे आणि जनावर उशीसारखं फुगायचं. आताच्या पद्धतीत आधी त्या जनावराचं अंग घडवावं लागतं. लोखंडी सळ्यांचा सांगाडा करायचा, त्यावर फोम किंवा फायबर चढवायचं, आणि खांदा, बरगड्या, मांडीचे स्नायू हाताने कोरून काढायचे. मग त्यावर कमावलेलं कातडं बसवायचं. कातडं खरं, शिंगं खरी, डोळे काचेचे, आतलं सगळं आपण केलेलं. याला टॅक्सीडर्मी म्हणतात. दहावीनंतर मी पेणला गणपतीच्या कारखान्यात शाडूची माती मळली, डोळ्यांची आखणी शिकलो, आणि तिथून फिरत फिरत मुंबईत या कामात पडलो. हात तेच आहेत. फरक एवढाच, की गणपती खरा कसा उभा राहतो हे कुणी विचारत नाही, जनावराच्या बाबतीत मात्र विचारतात.

हे काम मनात आलं म्हणून कुणालाही करता येत नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानात मेलेलं जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता असतं. त्याचं कातडं, शिंग, नख, काहीही परवानगीशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 पासून या कामाचं केंद्र आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं. तिथले वाघ, सिंह, बिबटे कुणी शिकार केलेले नाहीत. म्हातारपणाने, आजाराने, अपघाताने गेलेली ती जनावरं आहेत. माझ्या हाताखालूनही आजवर गेली ती अशीच.

आता गोष्ट. काही वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, खोपोली-कर्जत रस्त्यावर पळसदरीच्या अलीकडे रात्री कुठल्याशा गाडीने एका भेकराला उडवलं. गाडी थांबली नाही. सकाळी वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. नर होता, पुरा वाढलेला, आणि कातडं फारसं फाटलेलं नव्हतं. रीतसर परवानगीने ते एका निसर्ग माहिती केंद्रासाठी ठेवायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. आपल्या तालुक्यातलं जनावर म्हणून मला त्याचं अप्रूप होतं.

भेकर आपण सगळ्यांनी ऐकलंय. राजमाचीच्या पायथ्याला, कोंडाण्याच्या लेण्यांकडे, माथेरानच्या खालच्या रानात संध्याकाळी कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू येतं, आणि आजी सांगायची, "ते कुत्रं नव्हे, भेकर." पण पाहिलंय किती जणांनी? खांद्याशी जेमतेम दोन फूट उंच, वजन वीस-पंचवीस किलो, रंग तांबूस. नराच्या कपाळावरून दोन काळ्या रेघा वर चढतात आणि केसांनी झाकलेल्या लांब खुंटांवर आखूड शिंगं असतात. वरच्या ओठातून दोन सुळे बाहेर येतात, कारण भेकराचे नर भांडतात ते शिंगांबरोबर सुळ्यांनीही.

कातडं चढवण्याआधीचा सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे पोझ. जनावर उभं कसं राहणार? मान कुठे, कान कुठे, कुठला पाय पुढे, वजन कशावर? हे आधी ठरतं, मगच सळ्या वाकवायच्या. कातडं एकदा आतल्या अंगावर वाळलं की मान वळवता येत नाही, पाय हलवता येत नाही. कातडं एकच असतं, आणि चुकलं तर ते भेकर दुसऱ्यांदा मेलं असं समजायचं.

मी नेहमीप्रमाणे फूटभर उंचीचा मातीचा नमुना केला. मान ताठ, छाती पुढे, नजर दूर डोंगराकडे, डावा पुढचा पाय उचललेला. मला तो भारी वाटला. ज्यांना ज्यांना दाखवला त्यांनाही आवडला.

त्यानंतर खालची जमीन करण्यासाठी पालापाचोळा, माती, दगड आणायला मी थंडीत इकडे आलो. कशेळ्याच्या नाक्यावर टमटमची वाट बघत होतो. रस्त्याकडेला एक जण आवळे विकायला बसला होता. मी भाव विचारला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि भाव सांगायच्या ऐवजी माझं नाव घेतलं.

मित्रहो, तुम्हाला आठवतंय का, आठवीत चित्रकलेच्या सरांनी शाळेच्या मागच्या अंगणात एक बकरी आणून बांधली होती? म्हणाले, "काढा." बकरी काही एका जागी उभी राहीना. आपण सगळे रडकुंडीला आलो. मी हुशारी केली. बकरीकडे बघणं सोडून दिलं आणि पुस्तकातल्या चित्राच्या आठवणीवर सुबक बकरी काढली. शेवटच्या बाकावर बसणारा, ठाकरवाडीतून चालत येणारा आपला एक मित्र होता. त्याने कागदावर सातआठ वेड्यावाकड्या रेघा ओढल्या होत्या. सरांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि त्याचा वर धरला. "याच्या बकरीचं वजन कुठल्या पायावर आहे, ते दिसतंय. तुमच्या बकऱ्या हवेत आहेत." सगळे हसले. सरांवर हसायची हिंमत नव्हती, म्हणून त्याच्यावर हसले. सगळ्यात आधी मी हसलो होतो. नववीच्या मध्यावर तो शाळेतून गेला. का गेला, हे आपल्यापैकी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तोच तो. मी टमटम सोडून दिली आणि त्याच्या शेजारी बसलो. काय करतोस म्हणाला. मी मोबाइलवर नमुन्याचा फोटो दाखवला. त्याने तो जवळ धरला, लांब धरला, आणि विचारलं, "ह्यो सांबर हाय काय?"

मी म्हटलं, "भेकर आहे."

"भेकर असा नाय रं. भेकर कुठं मान वर करून चालतं? कारवीत मान वर केली तं डोळं फुटतील त्याचं."

चाळीस वर्षांनी पुन्हा माझी बकरी हवेत होती.

त्या रात्री त्याच्या वाडीवर राहिलो. पहाटे तो मला ओढ्याकाठच्या एका आवळ्याखाली घेऊन गेला. भेकरं आवळे खातात, झाडाखाली पडलेले वेचून. पहिल्या दिवशी फक्त भुंकणं ऐकलं. "तुलाच बघून वरडतंय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी काहीच दिसलं नाही, पण ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. त्याने मला बसवून ते वाचायला शिकवलं. "बघ, दोनच दिसतात, चार नाय. मागचा खूर पुढच्याच्या ठशावर पडतो." कोरड्या पाल्यात आवाज होऊ नये म्हणून जिथे पुढचा पाय सुखरूप टेकला, तिथेच मागचा टेकायचा.

तिसऱ्या दिवशी भेकर आलं. मी फार तर अर्धा मिनिट पाहिलं असेल. मान पाठीच्या रेषेत पुढे ताणलेली, नाक आणखी खाली. पुठ्ठा खांद्यापेक्षा उंच, त्यामुळे सगळं जनावर पुढे ओणवं झाल्यासारखं. एक एक पाय जपून वर उचलायचा, क्षणभर तसाच धरायचा, मग अलगद ठेवायचा. एक कान आमच्याकडे, दुसरा मागे. मग काय झालं कळलं नाही. शेपटीचा खालचा पांढरा भाग वर उडालेला दिसला आणि कारवी हलली.

परत आल्यावर मी त्याच्या अंगणात कागद पसरला, पण हात चालेना. अर्ध्या मिनिटात किती लक्षात राहणार? तेव्हा तो उठला. साठीला आलेला माणूस अंगणात ओणवा झाला, हात टेकले, मान पुढे काढली आणि भेकर होऊन चालू लागला. मध्येच थांबला, हात अधांतरी धरला, आणि तसाच राहून म्हणाला, "काढ." त्याची नातवंडं हसत होती. मी त्या दिवशी अठरा चित्रं काढली.

मग पोझ ठरवायला बसलो, तेव्हा आमच्यापुढे चार वाटा होत्या. पळतानाचं भेकर: शेपटी वर, चारही पाय हवेत, बघणाऱ्याला एकदम आवडतं. पण भेकर पळतं ते आपल्याला बघून. तसं उभं केलं तर केंद्रात येणारं प्रत्येक मूल त्याला कायम पळवतच राहणार. भुंकणारं भेकर: तेही आपल्याविषयीच आहे. तिसरी वाट, मान पूर्ण खाली घालून आवळे खाणारं. ते खरं, पण सुळे, कपाळावरच्या रेघा, सगळं जमिनीकडे जातं, मुलांना चेहराच दिसत नाही. चौथी वाट त्याने अंगणात करून दाखवली होती. आवळ्यापासून दोन पावलांवर, चालता चालता थांबलेलं. पुढे जावं की परतावं, हे अजून ठरलेलं नाही. त्या घडीला तो आपल्याला बघत नसतो, स्वतःचं काही ठरवत असतो. आम्ही ती घेतली.

माझ्या आधीच्या नमुन्यात मान ताठ कुठून आली, याचाही मी विचार केला. म्हैसूरला व्हॅन इंगेन नावाच्या घराण्याचा कारखाना होता. राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या शिकारी तिथे भरल्या जायच्या. सुमारे 1900 पासून 1999 पर्यंत तो चालला. त्यांच्या हातचं कसब जगात वाखाणलं जाई. पण शिकारीच्या या सगळ्या परंपरेत गिऱ्हाईक शिकारी असायचा, आणि आपण मारलेलं जनावर रुबाबदार दिसावं असं त्याला वाटणारच. भिंतीवरचं ताठ मानेचं डोकं त्या शिकाऱ्याबद्दल जास्त सांगतं. तीच मान पुढे चित्रांत आली, कॅलेंडरांवर आली, आणि आठवीतल्या माझ्या बकरीतही आली.

याउलट अमेरिकेत कार्ल एकली नावाच्या माणसाने 1902 साली शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी हरणांचे चार देखावे पुरे केले, चार ऋतूंचे. ऋतू बदलला तशी कातडीवरची लव बदललेली, शिंगं बदललेली, झाडं बदललेली. आधी मातीत अंग घडवून मग त्यावर कातडं चढवायची रीत त्याने रुजवली. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, म्हणजे पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, प्राण्यांचं दालन आहे, ते याच अंगाने बघा. आणि अजिंठ्याला गेलात तर पहिल्या लेण्यातल्या एका खांबाचा माथा चुकवू नका. चार हरणांची चार निरनिराळी अंगं, आणि डोकं सगळ्यांना मिळून एकच. कुठल्याही अंगाबरोबर बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. ज्याने ते कोरलं, त्याने हरणाची मान पुष्कळ वेळ पाहिली असणार.

पोझ ठरली की बाकीचं शरीर ऐकावं लागतं, हे या कामातलं खरं कष्टाचं. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, खांदा. हरणाला आपल्यासारखं गळ्याजवळचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी टांगलेले असतात. त्यामुळे मान खाली गेली आणि वजन एका पायावर आलं की त्या बाजूचं खांद्याचं पातं कातड्याखालून वर सरकतं. डावा पाय उचललेला, म्हणून उजवं पातं वर हवं. नमुन्यात मी दोन्ही सारखी ठेवली होती.

दुसरी, पावलं. चार पायांचं जनावर चालताना डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, या क्रमाने पाय टाकतं. डावा पुढचा उचलला असेल, तर डावा मागचा त्याच्या जागेकडे आलेला असला पाहिजे. ठशांवरून मित्राने सांगितलं ते हेच. माझ्या नमुन्यात डावा मागचा पाय लांब मागे ताणलेला होता. अशी चूक करणारा मी एकटा नाही. हंगेरीतल्या संशोधकांनी 2009 साली संग्रहालयांतली चालणारी जनावरं तपासली, तेव्हा सुमारे 41 टक्क्यांचे पाय चुकीचे निघाले. शरीररचनेच्या पुस्तकांतली चित्रं त्याहून जास्त चुकलेली होती. शिकलेल्या लोकांच्या या चुका आहेत, एवढं नोंदवून पुढे जातो.

तिसरी, डोळा. बकरीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, हे तुम्ही पाहिलं असेल. हरणाचीही तशीच. चरायला मान खाली घातली तरी बकरीची बाहुली जमिनीला समांतरच राहते, कारण डोळाच खोबणीत फिरतो. मान खाली आणि पाळत मात्र सगळीकडे. काचेचा डोळा कवटीच्या रेषेत बसवला असता तर बाहुली तिरकी झाली असती आणि भेकर झोपाळू दिसलं असतं. मी तो मानेच्या उताराएवढा उलटा फिरवून बसवला. पेणला आखणी शिकवणारे म्हणायचे, मूर्ती डोळ्यात उघडते. इथेही तेच झालं.

काम पुरं झाल्यावर त्याला बोलावलं. तो केंद्रात आला, चपला बाहेर काढल्या, आणि भेकराभोवती एक फेरी मारली. मागून बघितलं, बाजूने बघितलं, मग खाली बसून त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं. मी वाट बघत होतो.

"उजवा कान," तो म्हणाला. "जरा मागं पायजे व्हता. आता राहू दे."

कातडं वाळलं होतं. ते राहिलंच. तुम्ही तिथे गेलात तर तुम्हाला कळणार नाही, पण मला दर वेळी तो कान दिसतो.

तिथल्या फलकावर मी माझ्या नावाआधी त्याचं नाव घालायला लावलं. तो म्हणाला, "माझं कशाला? मी काय केलं?" त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि याचंच मला वाईट वाटलं. आपण सगळ्यांनी मिळून त्याला ते शिकवलंय.

आता विनंती. या मेळाव्यासाठी आपण वर्गाची यादी केली. ती दहावीच्या निकालपत्रावरून केली, त्यामुळे दहावीपर्यंत न पोहोचलेले कुणी तिच्यात नाहीत. मी हजेरीपटाच्या जुन्या पानांवरून मोजलं, तर आठवीत आपल्याबरोबर बसलेले अकरा जण या यादीत नाहीत. बहुतेक वाड्यांवरचे, आणि चार मुली. वर्ग आपला होता, तसा त्यांचाही होता. स्मरणिका अजून छापायला गेलेली नाही, आणि कातड्यासारखं छापलेलं पानही एकदा वाळलं की बदलत नाही. ती अकरा नावं यादीत यावीत. वेगळ्या चौकटीत नकोत, वर्णानुक्रमे, आपापल्या जागी यावीत.

त्याचं नाव मी इथे मुद्दाम घेतलं नाही. ते तुम्ही यादीत वाचावं, असं मला वाटतं. तो आज आलाय. दुसऱ्या रांगेत, खिडकीशेजारी, सरांच्या मागे बसलाय. भाषण संपल्यावर जेवायला चला, आणि जाताना त्याला भेटा. पिशवीत आवळे आणलेत, भाव विचारू नका.